ॲरिस्टॉटल ते देकार्त: एका वगळलेल्या परंपरेविषयी



  नागपूरच्या या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना शिरस्त्याप्रमाणे मी वर्षभरातील तत्त्वचिंतनाचा आढावा घ्यावयास हवा. परंतु एक तक्रार कित्येक वर्षे मनात बाळगली आहे, ती आज मांडल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

आपल्या वर्गांतून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास ॲरिस्टॉटलपाशी थांबतो आणि देकार्तपाशी पुन्हा सुरू होतो. मधल्या सुमारे दोन हजार वर्षांवर ‘ख्रिस्ती ईश्वरविद्या’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो. परिणाम असा की, ईश्वरास्तित्वाचा सत्तामूलक युक्तिवाद, म्हणजे ईश्वराच्या संकल्पनेवरूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करणारा युक्तिवाद, कांटने कसा खोडला हे विद्यार्थी घडाघडा सांगतो. पण तो अकराव्या शतकात अँसेल्म या मठवासी साधूने प्रार्थनेच्याच ओघात मांडला, गाउनिलो या दुसऱ्या साधूने तत्काळ त्यावर आक्षेप घेतला, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तो नाकारला आणि देकार्तने नव्या रूपात पुन्हा उभा केला, यातले त्याच्या कानी काहीच पडलेले नसते. निकाल वाचावयाचा आणि फिर्याद दप्तरातच राहू द्यावयाची, असा हा प्रकार आहे. ज्या देकार्तला आपण धर्मशास्त्राच्या जोखडातून सुटलेला मानतो, त्याने १६४१ साली आपली ‘चिंतने’ पॅरिसच्या ईश्वरविद्येच्या पंडितांनाच अर्पण केली होती!

एका अभ्यासमंडळापुढे मी ऑगस्टीन आणि अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंतांसाठी अर्ध्या प्रश्नपत्रिकेचा मसुदा ठेवला, तेव्हा धर्मप्रचारास अभ्यासक्रमात स्थान नाही, एवढ्या एका वाक्यावर तो नामंजूर झाला. त्याच मंडळाने त्याच बैठकीत शांकरभाष्य कायम केले, आणि ते योग्यच केले. पण श्रुतीला प्रमाण मानणारे शंकराचार्य जर तत्त्वज्ञ, तर बायबलला प्रमाण मानणारा ऑगस्टीन केवळ प्रचारक कसा?

ग्रीकांच्या तर्काने येशूचा सरळ उपदेश बिघडविला, की चर्चने तत्त्वज्ञानाला दासी केले, हा वाद काल येथे रंगला. अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध, असे टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने फार पूर्वी विचारले होते, म्हणजे हा वाद जुनाच आहे. माझ्यापुरता या वादाचा निकाल वर्गात लागला. अक्वायनसचा गतीवरून ईश्वराकडे जाणारा युक्तिवाद मी शिकवीत होतो. पाठशाळेत न्यायदर्शन शिकून आलेला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, ‘सर, अनवस्था, म्हणजे कारणांची न संपणारी साखळी, हा दोषच आहे हे आधी सिद्ध करा.’ मागे बसलेल्या, धर्मगुरू घडविणाऱ्या सेमिनरीतून येणाऱ्या एका तरुणाने अक्वायनसच्या बाजूने उत्तर दिले. पहिल्याने उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ पुढे केली. घंटा झाली तरी कोणी उठेना. त्या तासाला कोणी कोणाचा धर्म विचारला नाही, आणि कोणी आपला धर्म सोडलाही नाही.

आणि हे नागपुरात घडावे, यात नवल ते काय? १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी येथे आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून येथे उभे आहे. सेमिनरी हिल्सवर धर्मगुरू घडविले जातात. याच शहरातून रेल्वेने निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांच्या हाती प्रवासात बायबल आले, आणि १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी तर ख्रिस्ती झाल्यावर ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून दर्शनांशी शास्त्रोक्त वाद मांडला. त्यांचे सिद्धांत मला मान्य नाहीत; परंतु एवढ्या तयारीचा पूर्वपक्ष आपण मराठीत नीट वाचलाही नाही, याची मला खंत वाटते.

तेव्हा ऑगस्टीन, अँसेल्म, अक्वायनस यांच्या निवडक ग्रंथांची मराठी भाषांतरे व्हावीत, लॅटिन जाणणाऱ्या सेमिनरीतील पंडितांनी आणि आपल्या शास्त्रीमंडळींनी ती एकत्र बसून करावीत, अशी माझी शिफारस आहे. तपशील कार्यकारिणीने ठरवावा. अर्ध्या प्रश्नपत्रिकेचा तो मसुदा मात्र मी पुन्हा पाठविणार आहे. या वेळी नकार द्यावयाचा असेल, तर तो सकारण आणि लेखी द्यावा.