काडतुसाचें पितळ

पितळेच्या भांड्यांना उजाळा कसा द्यावा, हें महाराष्ट्रांतील गृहिणीस नव्यानें शिकवावें लागत नाहीं. सणावाराच्या आदल्या दिवशीं समया, तांब्ये, पराती व देवघरांतील उपकरणीं चिंचेनें अथवा लिंबाच्या फोडीनें चोळावयाचीं, वरून राखेचा हात फिरवावयाचा, आणि स्वच्छ पाण्यानें धुऊन लागलींच कोरडीं पुसावयाचीं, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. भांडें सोन्यासारखें चकाकूं लागलें कीं काम झालें. परंतु पितळेची अशीहि एक वस्तु आहे कीं, जिच्या बाबतींत चकाकी हा स्वच्छतेचा अगदीं हलका पुरावा समजला जातो. ती वस्तु म्हणजे बंदुकीच्या काडतुसाची, बार उडवून झालेली, रिकामी पुंगळी. तिला उजळणाऱ्यानें ती किती चकाकते हें नंतर पाहावयाचें असतें. ती पुढच्या बाराला टिकेल कीं नाहीं, हें आधीं.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली स्फोटक टोपी, पोटांत भरलेली दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. चाप ओढला म्हणजे टोपी पेटते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागें उरते ती पुंगळी. चारांपैकीं पुन्हां उपयोगांत येणारा भाग हा एकटाच, आणि बहुधा सर्वांत महागहि हाच. म्हणून ती जपून ठेवून पुन्हां भरण्याची चाल जुनी आहे. १८७० नंतरच्या दशकांत उत्तर अमेरिकेच्या मैदानी मुलखांत बायसनांची शिकार करणारे लोक दिवसभरांत उडविलेल्या पुंगळ्या तळावर परतल्यावर पुन्हां भरून ठेवीत. आजहि अमेरिकेंत व युरोपांतील कित्येक देशांत हौशी नेमबाज कांहीं काटकसरीसाठीं आणि कांहीं अचूकपणासाठीं हें काम घरीं करतात. भारतांत काडतुसें तयार करणें हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवान्याचा विषय आहे. तेव्हां येथील बहुतेक श्रोत्यांच्या हातीं हें काम कधीं यावयाचें नाहीं. तथापि त्यामागील विद्या समजून घेण्याजोगी आहे. कारण तिच्यांतील एक मोठा धडा हिंदुस्थानच्याच पावसाळ्यानें शिकविलेला आहे.

पुंगळीचें पितळ ठराविक प्रमाणाचें असतें. शंभर भागांत ७० भाग तांबें आणि ३० भाग जस्त. हें मिश्रण न तापवितांहि दाबून व ओढून लांबवितां येतें; मात्र असें करतांना तें अधिकाधिक कठीण होत जातें. बार उडतो त्या वेळीं आंतील वायूंचा दाब आजच्या पुष्कळ रायफलींत दर चौरस सेंटिमीटरला ३००० किलोग्रॅमांहून अधिक होतो. त्या क्षणीं पुंगळी फुगते, बंदुकीच्या कोठीच्या भिंतींस घट्ट चिकटते आणि तप्त वायूंची मागें येण्याची वाट बंद करते. मागें म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे. लगेच दाब उतरतो, पितळ किंचित् आंखडतें आणि पुंगळी सुटी होऊन बाहेर निघते. फुगण्याइतकें मऊ आणि परत आंखडण्याइतकें चिवट, असे दोन परस्परविरोधी गुण या पितळेंत एकत्र नांदावे लागतात. बंदूक पोलादाची असली तरी फट बुजविण्याचें काम पितळेच्या या पातळ भिंतीचेंच असतें. तिला चीर गेली, तर डोळा आणि हात दोन्ही धोक्यांत येतात.

अशा पुंगळीवर जो मळ बसतो तो एका जातीचा नसतो. आणि दारू व टोपी यांत जसजसा पालट झाला, तसतसा मळहि पालटला. जुन्या काळ्या दारूंत सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असे. ती जळाली म्हणजे तिचा अर्ध्याहून अधिक भाग वायुरूप न होतां क्षाररूपानें मागें उरे. हा क्षार हवेंतील ओल ओढून घेतो आणि धातूला खातो. म्हणून जाणते शिकारी रिकाम्या पुंगळ्या दुसऱ्या दिवसावर न टाकतां त्याच दिवशीं साबणाच्या ऊन पाण्यानें धुऊन काढीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू प्रचारांत आली. काजळी कमी झाली आणि पुंगळ्या दिसावयास स्वच्छ राहूं लागल्या. पण एक नवें संकट पुढें आलें. टोपींत त्या काळीं पाऱ्याचें एक स्फोटक लवण वापरीत असत. बार उडाला कीं त्यांतील पारा मोकळा होई. काळ्या दारूच्या दाट राखेंत तो बराचसा सामावून जात असे; नव्या दारूला राखच नसल्यामुळें तो सरळ पितळेस जाऊन भिडूं लागला. पुंगळी वरून साजरी दिसे, पण आंतून ठिसूळ झालेली असे. आणि ती कितीहि घांसली तरी गेलेलें बळ परत येत नसे. म्हणून पाऱ्याला फांटा देऊन पोटॅशियम क्लोरेटाच्या टोप्या निघाल्या. त्यांचा जो क्षार उरे तो मिठाच्या जातीचा. तो तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. त्यामुळें बंदुकीची नळी नुसती तेलानें पुसून भागत नसे, ती आधीं पाण्यानें धुवावी लागे. मळ कशाचा आहे हें ओळखल्यावांचून तो काढूं नये, हा नियम येथेंच सिद्ध होतो. आजच्या बहुतेक टोप्यांत पारा नाहीं आणि क्लोरेटहि नाहीं. त्यांत शिशाचें एक संयुग असतें. त्याचा विचार पुढें यावयाचा आहे.

आतां पावसाळ्यानें दिलेला धडा. इंग्रजी अंमलांत हिंदुस्थानांतील लष्कराला काडतुसांचा एक चमत्कारिक विकार आढळून आला. पावसाळ्यांत घोड्यांच्या पागांतून सांठविलेलीं काडतुसें बाहेर काढावीं, तों त्यांतील कित्येकांच्या पितळेला आपोआप चिरा गेलेल्या असत. बार उडालेला नसे, काडतूस कोठें आपटलेलें नसे, वर गंजाचा थरहि विशेष नसे. तरी धातु तडकलेला. ठराविक ऋतूंत उद्भवणारा म्हणून या विकारास ऋतूवरूनच नांव मिळालें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनीं त्याची मीमांसा प्रसिद्ध केली. पुंगळी थंडपणीं ओढून घडविलेली असल्यामुळें तिच्या अंगांत एक प्रकारचा ताण कोंडलेला राहतो. पागेंत घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया वायु सुटत असतो. पावसाळी हवेची ओल त्याला साहाय्य करते. ताण, ओल आणि अमोनिया या तिघांचा मेळ जमला म्हणजे पितळेच्या कणाकणांमधील सांधे उकलतात आणि चीर आंत आंत शिरत जाते. यावरील उपाय तितकाच साधा ठरला. घडविल्यानंतर पुंगळीला सौम्य उष्णता देऊन कोंडलेला ताण उतरवावयाचा, आणि काडतुसें कोरड्या जागीं, पागेपासून दूर ठेवावयाचीं. पुण्याच्या तांबट आळींतील कारागीर ठोकून ठोकून कठीण झालेलें तांबें भट्टींत तापवून पुन्हां मऊ करून घेतो, त्याच जातीचा हा उपाय. फक्त येथील उष्णता पुष्कळ बेताची.

हा धडा पुंगळी उजळणाऱ्याला आजहि लागू पडतो. धातूला चकाकी आणणाऱ्या बाजारी पॉलिशांपैकीं कित्येकांत अमोनिया असतो. दाराच्या कड्याला किंवा पितळेच्या पाटीला तें खुशाल लावावें. पण पुंगळीला लावणें म्हणजे पागेंतील हवा बाटलींत भरून घरीं आणण्यासारखें आहे. आम्लाचीहि मर्यादा ओळखली पाहिजे. चिंचेंत अथवा लिंबाच्या रसांत फार वेळ राहिलेलें पितळी भांडें तांबूस दिसूं लागतें, हें गृहिणींच्या पाहण्यांतलें आहे. पृष्ठभागावरील जस्त कमी होऊन तांबें वरचढ झालें, असा त्या रंगाचा अर्थ. भांड्याचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. दाब सोसणाऱ्या पुंगळीला मात्र ही झीज परवडत नाहीं. पोलादी काथ्यानें किंवा खरखरीत कागदानें घांसणेंहि असेंच. डाग जातो, पण त्याबरोबर पितळहि जातें, आणि भिंत पातळ होते.

मग योग्य रीत कोणती? प्रथम प्रत्येक नग हातांत घेऊन तो खरोखरच रिकामा आहे, याची खातरजमा करून घेतात. मग जळालेली टोपी काढून टाकतात. ती तशीच राहिली तर तिच्या खोबणींतील मळ निघत नाहीं आणि तेथें ओलहि दडून राहते. यानंतर साबणाच्या ऊन पाण्यांत पुंगळ्या धुवावयाच्या. डाग चिवट असतील तर लिंबाच्या सत्त्वाचें, म्हणजे सायट्रिक आम्लाचें, अगदीं सौम्य द्रावण कांहीं मिनिटें पुरतें. पुढें स्वच्छ पाणी दोनतीन वेळां बदलून आम्लाचा अंशहि राहूं द्यावयाचा नाहीं. मग वाळविणें. हें काम घाईचें नव्हें. आंत राहिलेला पाण्याचा एक थेंब पुढें दारू व टोपी दोहोंनाहि निकामी करूं शकतो. परंतु लवकर वाळावें म्हणून पुंगळी विस्तवावर धरणें हा त्याहून मोठा अविचार होय. उष्णतेनें बुडाचें पितळ मऊ पडतें, आणि दाबाचा खरा भार त्या बुडावरच असतो. ज्यांना झिलई हवी असते ते अक्रोडाच्या कवचांचा किंवा मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांचा भरड चुरा घालून पुंगळ्या एका फिरत्या पिंपांत कांहीं तास घोळवितात. त्या चुऱ्याचा एखादा कण बुडाच्या बारीक छिद्रांत अडकून बसला तर टोपीची ज्वाला नीट आंत पोंचत नाहीं. म्हणून शेवटीं तें छिद्रहि पाहावें लागतें.

या सर्व खटाटोपाचें खरें फळ यानंतर हातीं येतें, आणि तें म्हणजे परीक्षा. काजळीखालीं न दिसणारी चीर स्वच्छ पितळेवर दिसते. तोंडाशीं उभी भेग गेली असेल तर ती पुंगळी बाद. बुडाच्या किंचित् वर सभोंवार एक उजळ कडें दिसूं लागलें तर तेथें भिंत आंतून पातळ झाल्याचा संशय घ्यावयाचा. टोंक वळविलेली बारीक तार आंत फिरविली कीं तेथील खांच हाताला कळते. अशी पुंगळी पुढच्या बाराला दुभंगण्याचा संभव असतो. म्हणून ती नुसती बाजूला न ठेवतां चेपून मोडींत टाकतात, म्हणजे चुकूनहि कोणाच्या हातीं जाणार नाहीं. पहिल्या महायुद्धांत, १९१४ ते १९१८ या काळांत, ब्रिटिश फौजेच्या १८ पौंडी तोफांच्या पितळी पुंगळ्या आघाडीवरून परत आणून, साफ करून, तपासून पुन्हां भरीत असत. आणि भरण्याची नोंद पुंगळीच्या बुडावरच खुणा ठोकून ठेवीत. विवेकी नेमबाजहि आपल्या पुंगळ्यांचा असाच हिशेब ठेवतो. कारण प्रत्येक बारानें पितळ थोडें अधिक कठीण आणि थोडें अधिक थकलेलें होत असतें.

राहतां राहिला शिशाचा प्रश्न, आणि घरच्या माणसांच्या दृष्टीनें तोच सर्वांत निकडीचा. आजच्या बहुतेक टोप्या जळल्यावर जी करड्या रंगाची बारीक धूळ उरते तिच्यांत शिसें असतें. पिंप कोरडें फिरवून चुरा चाळतांना ही धूळ हवेंत उडते, श्वासाबरोबर आंत जाते, कपड्यांवर बसते आणि हातांवाटे अन्नांत उतरते. शिसें शरीरांत सांठत जातें, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तें विशेष बाधक होतें. यासाठीं हें काम स्वयंपाकघरांत करूं नये. घरच्या परातींत किंवा मोरींत पुंगळ्या धुऊं नयेत. चुरा चाळणें तें मोकळ्या हवेंत, मुलांपासून दूर असावें. काम आटोपतांच साबणानें हात धुवावे आणि कपडे बदलावे. ओल्या रीतीनें धुतल्यास धूळ उडत नाहीं, हा तिचा मोठाच गुण; मात्र तें पाणी भाजीच्या वाफ्यांत सोडूं नये. नेमबाजाची हौस त्याची स्वतःची असते. तिची किंमत पाळण्यांतील मुलानें कां द्यावी?

मराठींत पितळ उघडें पडणें ही नामुष्कीची गोष्ट मानली जाते. भांड्यावरची कल्हई उडाली, खरें रूप बाहेर आलें आणि मालकाला लाज वाटली, असा त्या म्हणण्याचा भाव. पुंगळीच्या बाबतींत तोच न्याय उलटा लागू पडतो. तिचें पितळ उघडें पाडण्यासाठींच तिला धुवावयाचें असतें, आणि तें उघडें पडावयाचें तर धुणाऱ्याच्या मेजावर, भर उजेडांत पडावें. नेम धरलेल्या माणसाच्या गालाशीं नव्हें.