पिण्याचे पाणी, खाणेपिणे आणि आपले दात



बैल विकत घेताना आपण आधी त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दातावरून त्याचे वय कळते. पण आपल्या घरातल्या लेकरांचे दात आपण कधी उजेडात नीट पाहिले आहेत का? आज घरी गेल्यावर पहा. दातांवर आडवे पांढरे पट्टे, पिवळे किंवा तपकिरी डाग दिसतात का? दात न घासल्यामुळे बसलेला पिवळा थर खरवडला की निघतो. हे डाग निघत नाहीत, आणि ते बहुधा दोन्ही बाजूंच्या सारख्याच दातांवर जोडीने असतात. असे डाग असतील तर पोराला रागावू नका. दोष पाण्याचा असू शकतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार प्रमाणापेक्षा जास्त आहे. पांढरकवडा परिसरातील भूजलात तो असल्याचा अभ्यास भूवैज्ञानिकांनी २००७ साली प्रसिद्ध केला. हा क्षार खडकातून पाण्यात उतरतो. खोल बोअरचे पाणी खडकात फार काळ मुरलेले असते, म्हणून उथळ विहिरीपेक्षा बोअरमध्ये तो बरेचदा जास्त सापडतो. या पाण्याला रंग नाही, वास नाही, चवही वेगळी नाही. हापशीचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, म्हणून ते चांगलेच असेल असे समजू नका.

पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरी सोयच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. त्यात आपल्याकडे उन्हाळा कडक. वावरात राबणारा माणूस थंड मुलखातल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितो. पाणी जास्त, तितके फ्लोराइडही पोटात जास्त.

आता ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट. कायमच्या दातांवरचे कवच जन्मापासून सुमारे आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत तयार होत असते. कपाशीला पाते धरण्याच्या वेळी ताण बसला तर मागाहून कितीही पाणी द्या, गळालेले पाते परत येत नाही. दातांचेही तसेच आहे. या आठ वर्षांत वाईट पाणी पोटात गेले तर डाग जन्मभर राहतात. पुढे पोरगी हसताना तोंडावर पदर धरते, सोयरीक जुळवताना लोक नाही नाही ते बोलतात. तेच पाणी पुढेही वर्षानुवर्षे पीत राहिले तर हाडे आणि सांधे आखडतात. मान वाकवून हनुवटी छातीला टेकत नसेल, वाकून पायाची बोटे धरता येत नसतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

मग करायचे काय? पहिले काम, पाणी तपासून घ्या. प्लास्टिकची एक लिटरची स्वच्छ बाटली घ्या. हापशी थोडा वेळ चालवा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा आणि मग भरा. वर गावाचे नाव, हापशीची जागा आणि तारीख लिहा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. एकाच गावात एक बोअर खराब आणि दुसरी विहीर चांगली असू शकते, म्हणून प्रत्येक ठिकाणचे पाणी वेगळे तपासा.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटते आणि क्षार तेवढाच राहतो. नुसती तुरटी फिरवून गढूळपणा जातो, फ्लोराइडचे काम भागत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर वापरून ते काढण्याची नलगोंडा पद्धत शोधली आहे. पण तिचे माप पाणी तपासून ठरवावे लागते, अंदाजाने टाकू नये. आरओचे यंत्र फ्लोराइड काढते, पण त्याची जाळी वेळेवर बदलली पाहिजे. आंघोळीला, कपड्यांना खराब बोअरचे पाणी चालेल. पिण्याला आणि स्वयंपाकाला मात्र चांगल्या पाण्याचे दोन-तीन गुंड वेगळे आणा. गावाची विहीर उपसून, झाकून, औषध टाकून वापरता येते. टिनाच्या छपरावरचे पावसाचे पाणी, पहिल्या सरी सोडून, झाकलेल्या टाकीत साठवता येते.

आहाराचाही आधार आहे. दूध, दही, ताक, तीळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी यांतून चुन्याचा अंश मिळतो. आवळा, लिंबू, पेरू घ्या. वरणात चिंच टाका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने शाळकरी मुलांना रोज १० ग्रॅम चिंच देऊन पाहिली, तेव्हा लघवीवाटे जास्त फ्लोराइड बाहेर पडले. हा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. पण चिंच खाल्ली म्हणजे वाईट पाणी प्यायला हरकत नाही, असे मात्र नाही. बिनदुधाचा काळा चहा आणि काळे मीठ कमी करा, त्यांतही फ्लोराइड असते.

डागांचे झाले, आता किडीचे. दात किडतो तो गोडाने. तोंडातले जंतू साखर खाऊन आंबट रस तयार करतात आणि तो रस अर्धा तास दात झिजवतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. दिवसातून सहा वेळा गोड चहा, त्यात बुडवलेले बिस्कीट, पोरांच्या हाती दर घडीला गोळी, यात दाताला विसावाच मिळत नाही. गोड खायचे ते जेवणाबरोबर खा आणि चूळ भरा. झोपताना लेकराच्या तोंडात साखरेच्या दुधाची बाटली ठेवू नका.

शेवटी खर्रा. भूक मारायला आणि काम रेटायला तो चघळतात, हे खरे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र पानठेल्यावर घोटला जातोच. सुपारी, तंबाखू आणि चुन्याने गालाची आतली कातडी आखडते, तोंड उघडेनासे होते आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पहा. जात नसतील तर आजच डॉक्टर गाठा. मशेरी आणि गुडाखूदेखील तंबाखूच आहे, दात घासण्याचे औषध नव्हे.

थोडक्यात सांगायचे तर:

१. पिण्याच्या पाण्याची तपासणी करा. लहान मूल आणि गरोदर बाई असलेल्या घराने आधी करा.
२. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे ठेवा.
३. रोजच्या जेवणात दूध-ताक, पालेभाजी आणि आवळा-लिंबू असू द्या.
४. गोड कमी वेळा खा, खाल्ल्यावर चूळ भरा.
५. सकाळी आणि रात्री झोपताना दात घासा. जास्त फ्लोराइडच्या गावात लहान मुलांना कोणती पेस्ट द्यावी, हे दातांच्या डॉक्टरांना विचारा.
६. खर्रा, मशेरी, गुडाखू सोडा.

यंदा ज्या घरी पाळणा हलला असेल, त्या घराच्या हाती अजून पुरी आठ वर्षे आहेत. येत्या ग्रामसभेत पाण्याचा विषय काढा.