क्रमांक उशिरा कळवतो



1991च्या जुलैमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने तारण ठेवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून 40 कोटी डॉलर उचलले. इथल्या ज्येष्ठांना ती रुखरुख आठवत असेल. त्या दिवसांत जपान सावकाराच्या ओट्यावर बसलेला होता. अर्थव्यवस्थेच्या आकारात 1968 पासून अमेरिकेखालोखाल त्याचाच नंबर. पण त्या वाड्याला तेव्हाच वाळवी लागली होती.

1989च्या डिसेंबरअखेर टोकियोचा निक्केई निर्देशांक 38,915वर होता. 1992च्या ऑगस्टमध्ये तो 15,000च्याही खाली आला. पाठोपाठ जमिनीचे भाव पडले. बँकांची कर्जे जमिनीच्या तारणावरच होती. बुडीत कर्ज बुडीत म्हणायचे धाडस बँकांनी वेळेवर केले नाही. कारखानदार नफ्यातून नवी यंत्रे घेण्याऐवजी जुनी देणी फेडत बसले. भाव वाढेनात, पगारही वाढेनात. 2016 साली गारिगारी-कुन या लोकप्रिय आइस कँडीची किंमत 25 वर्षांनी 60 येनवरून 70 येन झाली, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष आणि कर्मचारी दूरदर्शनच्या जाहिरातीत रांगेने उभे राहिले आणि कमरेत वाकून त्यांनी ग्राहकांची माफी मागितली. आपल्याला स्वस्ताई हवीशी वाटते. पण पगारही जागचा हलत नसेल, तर दहा येनसुद्धा जड होतात.

सर्वांत मोठी किंमत तरुणांनी मोजली. जपानी कंपन्या शिक्षण संपवून येणाऱ्यांना एप्रिलमध्ये एकदम कामावर घेतात. तो एप्रिल हुकला की कायमची नोकरी मिळणे कठीण. साधारण 1993 ते 2004 या काळात शिकून बाहेर पडलेल्या पिढीला तिकडे 'नोकऱ्यांच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात. त्यांतले कित्येक जण पन्नाशीला टेकले तरी हंगामी कामांवरच आहेत.

आणि त्या हिमयुगाच्या सगळ्या काळात जपानचा क्रमांक काय होता? दुसराच! चीनने त्याला मागे टाकले 2010मध्ये, जर्मनीने 2023मध्ये. दुखणे सुरू झाले 1990मध्ये आणि क्रमांक हलला वीस वर्षांनी. क्रमांक आकार सांगतो, प्रकृती सांगत नाही.

आज मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने 0.1 टक्का व्याजाने पन्नास वर्षांचे कर्ज दिले आहे. ही मैत्री खरीच. पण पैसा इतका स्वस्त होण्यामागे घरची ती दीर्घ मरगळही आहे.

2022मध्ये याच क्रमवारीत भारत ब्रिटनच्या पुढे गेला. त्याचा आनंद मलाही झाला. पण माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे: पुढच्या वेळी असा आकडा वाचाल, तेव्हा आपल्या आळीतल्या, यंदा पदवी घेतलेल्या मुलामुलींना विचारा, नोकरी लागली का, आणि ती किती दिवसांची? जपानमध्ये हा प्रश्न 1993 सालीच विचारता आला असता. क्रमांकाने तो विचारला नाही. आपण विचारू या.