शाळेच्या पटावरची गावकी

(पेण आणि रोहा तालुक्यांतील शिक्षक व पालकांसमोर पेण येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या निमंत्रणपत्रिकेत ‘बुलिंग’ असा शब्द छापला आहे. या प्रकाराला मराठीत नेमका शब्द नाही, असे मला सांगण्यात आले. मला ते पटत नाही. दादागिरी, चिडवाचिडवी, नावे ठेवणे हे शब्द आहेतच; शिवाय रायगड जिल्ह्याला एक शब्द फार जवळून ठाऊक आहे, तो म्हणजे वाळीत टाकणे. एखाद्या घराशी बोलायचे नाही, त्यांच्या कार्याला जायचे नाही, त्यांना आपल्या कार्यात बोलवायचे नाही. अशा प्रकरणांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत झळकले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७मध्ये अमलात आला.

आता सातवीच्या वर्गात डोकावून पाहा. “आजपासून हिच्याशी कुणी बोलायचं नाही,” असे एक मुलगी फर्मावते आणि वर्ग ते पाळतो. ही गावकीच आहे, फक्त गणवेशातली. मारहाणीचा वळ दिसतो, त्याची चौकशी होते. अबोल्याचा वळ दिसत नाही. आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाऊन काही महिन्यांनी परतलेला कातकरी मुलगा बाकावर एकटा बसतो, त्याच्या बोलीची नक्कल होते; हजेरीपटावर मात्र तो ‘उपस्थित’ असतो. पुढे तो येईनासा होतो आणि ‘पालकांना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा आपण मारून मोकळे होतो.

या विषयाकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहायचे म्हणजे काय? गावात काविळीचे रुग्ण वाढले की आरोग्य कर्मचारी औषधोपचाराची सोय करतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. तो विहिरीकडे जातो, पाणी तपासतो, टीसीएल पावडर टाकायला लावतो. शाळेत आपण काय करतो? दोन मुलांना कार्यालयात बोलावतो. एकाला दम भरतो आणि दुसऱ्याला ‘जरा खंबीर हो’ असा उपदेश करतो. विहीर तशीच राहते. त्या पाण्याचे परिणाम मात्र खरे असतात: सतत छळ सोसणाऱ्या मुलांत नैराश्य, झोपमोड, शाळेचा धसका हे अधिक आढळते. युनेस्कोच्या २०१९ सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे तीनपैकी एका विद्यार्थ्याने आदल्या महिनाभरात शाळेत छळ अनुभवला होता. इतक्या मोठ्या दुखण्याला ‘पोरांचा पोरखेळ’ म्हणणे कठीण आहे.

नॉर्वेमध्ये १९८२च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सवंगड्यांचा छळ असावा असे पुढे आले. त्यानंतर १९८३मध्ये तेथे देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने संपूर्ण शाळेला धरून चालणारा कार्यक्रम आखला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातील क्रिस्टिना साल्मिवाली यांनी लक्ष वळवले ते बघ्यांकडे. हसणारे, साथ देणारे आणि मान खाली घालणारे यांच्या जोरावरच दादागिरी चालते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. ‘किवा’ हा त्यांचा कार्यक्रम याच पायावर उभा आहे. वाळीत टाकण्याची रीत पाहिलेल्या आपल्याला हे सांगायला फिनलंडची गरज नव्हती! एकटा माणूस कुणाला वाळीत टाकू शकत नाही. त्याला साऱ्या गावाचा होकार लागतो.

आपल्याकडचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात, ७४ माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. काही शाळांत बाहेरून प्रशिक्षित केलेला ‘मित्र’ नेमला, काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिले. प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, पत्रपेटी, गरजूंना समुपदेशन, असे साधेच स्वरूप होते. सचिन शिंदे, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, छळ व नैराश्य घटले. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही.

समोर बसलेल्या गुरुजनांनी रागावू नये. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी हे सारे ज्याच्या डोक्यावर, त्याच्याकडे आणखी एक रजिस्टर दिल्याने विहीर शुद्ध होत नाही. शिवाय ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्यापाशी मूल मन कितपत मोकळे करणार? माझ्या मते, पेण-रोह्याच्या दोन-तीन शाळांनी मिळून असा एक ‘मित्र’ नेमावा. गावातली पदवीधर मुलगी चालेल, निवृत्त परिचारिका चालेल. तिचे मानधन माजी विद्यार्थ्यांनी उचलावे. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चापुढे ते जड वाटू नये.

तक्रारपेटीबद्दलही सांगतो. ती मुख्याध्यापकांच्या दालनासमोर टांगली असेल, तर तीत चिठ्ठी टाकणारे मूल साऱ्या शाळेला दिसते. ती वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवा. किल्ली कुणाकडे आहे आणि पेटी कोणत्या वारी उघडते, हे मुलांना सांगा. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक तिच्यावर ठळक लिहा.

आणि येत्या सोमवारी एवढेच करा: प्रत्येक मुलाला शाळेचा कोरा नकाशा द्या. ‘जिथे भीती वाटते तिथे फुली कर, नाव लिहू नकोस,’ असे सांगा. फुल्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर पडतील, जिन्याखाली पडतील, कदाचित एसटीच्या थांब्यावरही पडतील. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना कुणीतरी मोठे माणूस तिथे उभे राहील, याची वाटणी शिक्षक आणि पालकांनी त्याच सभेत करावी.