यंत्राच्या स्मृतीचा हिशेब

टिटवाळ्याच्या महागणपतीची कथा स्मृतीशी निगडित आहे. कण्वमुनींचा आश्रम ह्याच परिसरात होता, दुष्यंत शकुंतलेस विसरला तेव्हा तिने येथे गणेशाची आराधना केली आणि पतिपत्नींची पुन्हा भेट झाली, अशी येथील लोकांची परंपरागत श्रद्धा आहे. कालिदासाच्या नाटकात ही विस्मृती शापाने येते आणि मुद्रिका दिसताच जाते. राजाची स्मृती नष्ट झालेली नव्हती. ती झाकली गेली होती, एवढेच. नाहीसे होणे आणि नाहीसे झाल्यासारखे दिसणे ह्यांतील हा भेद आजच्या यंत्रविद्येतही पदोपदी ओळखावा लागतो.

अंगारकी चतुर्थीस टिटवाळ्यास भाविकांची रीघ लागते. अशा गर्दीवर नजर ठेवण्यासाठी हल्ली कॅमेरे लावण्याची पद्धत आहे. समजा, असा एक कॅमेरा पहाटे चार वाजता सुरू केला आणि सायंकाळी, गर्दी ऐन भरात असता, तो एकाएकी बंद पडला. त्याच घटकेस एखाद्या मातेच्या हातून मूल सुटले, तर ते कोणत्या वाटेने गेले हे कोण सांगणार? यंत्र पुन्हा सुरू केले की ते पूर्ववत चालते, म्हणून कोणी खोलात शिरत नाही. जाणते कारागीर मात्र अशा वेळी एका दोषाचा संशय घेतात. त्यास ‘मेमरी लीक’, म्हणजे स्मृतीची गळती, असे नाव आहे.

हा दोष समजण्यासाठी देवळाबाहेरील पूजासाहित्याचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. दुकानदार नारळ, दूर्वा व फुले परडीत घालून देतो. दर्शन झाले की भाविक रिकामी परडी परत आणून ठेवतो. कॅमेऱ्याच्या पोटात लहानसा संगणक असतो आणि त्यात ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली हेच दुकानदाराचे काम करते. ती स्मृतीचा तुकडा घेते, त्यात चित्र भरते, पुढे पाठविते आणि काम झाल्यावर तो तुकडा परत जमा करते. एखादी परडी परत आलीच नाही आणि ती कोणाकडे आहे ह्याची नोंदही उरली नाही, तर ती गळती होय.

ह्या गळतीचे गणित शाळेतील मुलासही करता येईल. कॅमेरा सेकंदास २५ चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्रामागे २०० बाइटांची एक बारीक नोंद परत करावयाची राहते, असे धरू. म्हणजे सेकंदास ५,००० बाइट गेले. यंत्राची सारी २५६ मेगाबाइट स्मृती रिकामी धरली, तरी ती पंधरा तासांच्या आत संपेल. पहाटे चारला लावलेला कॅमेरा सायंकाळी सातपूर्वीच का थांबतो, ह्याचा उलगडा येथे होतो. कारखान्यातील तासाभराच्या परीक्षेत असा दोष सहज निसटतो.

परंतु मोकळी स्मृती घटली म्हणजे गळती झालीच, असे मानणे हा उतावीळपणा होय. पुष्कळ कॅमेऱ्यांत वापरली जाणारी ‘लिनक्स’ ही प्रणाली रिकामी स्मृती पडून राहू देत नाही. वाचलेल्या फायली ती तेथे जपून ठेवते आणि मागणी येताच जागा मोकळी करून देते. म्हणून नुसता ‘मोकळी’ हा आकडा न पाहता ‘उपलब्ध’ हा आकडा पाहावा. लिनक्समध्ये ह्या आकड्याची सोय २०१४ पासून आहे.

त्यानंतर कॅमेरा शंभर वेळा सुरू व बंद करावा आणि प्रत्येक वेळी बंद केल्यावरचा आकडा वहीत टिपावा. पहिल्याच फेरीत उपलब्ध स्मृती घटून पुढे स्थिर राहिली, तर ती बहुधा कायमची तरतूद असते. प्रत्येक फेरीस ती पायरीपायरीने उतरत गेली, तर संशय बळावतो. मग चित्रे मागणारी वरची आज्ञावली बंद करून पाहावी. तिने स्वतःसाठी घेतलेली स्मृती ती बंद होताच प्रणाली परत घेते. तेवढ्याने तूट भरली, तर दोष बहुधा वरच्या आज्ञावलीत. न भरली, तर ड्रायव्हरकडे वळावे.

ह्या शोधासाठी लिनक्समध्ये २००९ साली ‘केमेमलीक’ हे साधन आले. ज्या तुकड्याचा पत्ता कोठेही नोंदलेला नाही, तो तुकडा ते हुडकते आणि तो कोणी घेतला होता तेही सांगते. तथापि ह्या साधनासही मर्यादा आहेत. नोंद आहे पण गरज उरलेली नाही, असा तुकडा त्यास दिसत नाही. आणि पानापानांनी थेट घेतलेली स्मृती ते तपासत नाही. त्यामुळे चित्रांच्या मोठ्या परड्या पुष्कळदा त्याच्या नजरेतून सुटतात. तेथे ड्रायव्हरची आज्ञावलीच ओळीओळीने वाचावी लागते. विशेषतः काम अर्ध्यावर मोडल्यास माघार घेण्याची जी वाट असते, ती. घेतलेले परत करण्याचा विसर तेथेच अधिक पडतो.

अंगारक म्हणजे मंगळ. त्या मंगळावरच जानेवारी २००४ मध्ये उतरलेल्या ‘स्पिरिट’ ह्या कॅमेरेधारी वाहनाची वाचा २१ तारखेस बसली. ते पुन्हा पुन्हा आपोआप बंद होऊन सुरू होत राहिले. शोधाअंती कळले की, साठविलेल्या फायलींची यादी फार वाढून तीच चालू स्मृती अडवीत होती. आणि प्रत्येक वेळी सुरू होताना वाहन तीच यादी पुन्हा उघडीत होते. तेथे पुन्हा सुरू करणे हा उपाय नव्हता, तो रोगाचाच एक भाग होता. शास्त्रज्ञांनी तो फायलींचा साठा न उघडता वाहन चालू केले, फायली काढल्या, साठा नव्याने मांडला आणि फेब्रुवारीत काम पूर्ववत सुरू झाले.

मंगळावर जाऊन कळ दाबणे कोणासच शक्य नव्हते, म्हणून तेथे कारण शोधणे भाग पडले. टिटवाळ्यास कळ हाताशी असते, म्हणून कारण शोधावयाचे राहून जाते. रोज रात्री यंत्र बंद करून सुरू करण्याचा परिपाठ ठेवल्यास दोष महिनोन्महिने झाकलेला राहतो आणि ज्या दिवशी कॅमेरा अहोरात्र चालवावा लागतो, नेमक्या त्याच दिवशी उघडा पडतो. तेव्हा अंगारकीच्या आठवडाभर आधी कॅमेरा अखंड चालू ठेवावा, तासातासाला उपलब्ध स्मृतीचा आकडा टिपावा आणि तो उतरत असल्यास ती वही कारागिराच्या हाती द्यावी.