छापले म्हणजे खरे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘माध्यमांचा अभ्यास’ हे शब्द ऐकून तुम्हांला वाटेल, की हे काम कॉलेजातल्या प्राध्यापकांचे. मलाही तसेच वाटे. पण त्याचा पाया साधा आहे. मजकूर हाती आला, की तीन प्रश्न विचारावयाचे. कोण बोलतो आहे? कोणाविषयी? आणि जिच्याविषयी बोलणे चालले आहे, तिला बोलावयास जागा मिळाली का?

मराठीत एका बाईने हे काम फार पूर्वी करून ठेवले आहे. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. पण ‘पुणे वैभव’ पत्राने तेवढ्यावरून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे हे वाचून गप्प बसल्या नाहीत. १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली. त्यांचा सवाल असा, की जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? लेखणी ज्याच्या हाती, दोष दुसऱ्याच्या कपाळी, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

प्रती निघाल्या अवघ्या ५००. टीका झाली, तेव्हा जोतिराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ते आपल्यापर्यंत पोचले.

आता माझीच गोष्ट सांगते. ओळखीतल्या एका मुलीविषयी काही मजकूर माझ्या मोबाईलवर आला. मी तो चौघींना धाडला. दोन दिवसांनी कळले, की सारे खोटे होते. चौघींची मी क्षमा मागितली. पण त्यांच्याकडून तो आणखी कुठे गेला, हे कोण सांगणार? त्या मुलीच्या आईला एक फोन करणे काही अवघड नव्हते. ताराबाईंचे पुस्तक कपाटात होते, आणि मी मात्र ‘पुणे वैभव’ झाले होते!

भगिनींनो, आज कोणाच्या हाती छापखाना नसला, तरी प्रत्येकीच्या हाती मोबाईल आहे. म्हणून मागणे एवढेच, की मजकूर पुढे धाडण्यापूर्वी ते तीन प्रश्न विचारा. तिसरा तर विसरूच नका.