बिल्ला, गिधाडे आणि आपली उंदरांची गोळी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘बँकेतल्या गमतीजमती’ सांगायला उभे केले आहे. एक सांगतो, पण ती गंमतच आहे असे नाही.

१९८३ साली मी नगर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. गाई-म्हशींसाठी कर्ज द्यायचो. जनावराचा विमा असायचा आणि कानात नंबराचा बिल्ला. जनावर मेले की बिल्ला जमा केल्याशिवाय क्लेम नाही. निरोप आला की मी मोटारसायकलला किक मारायचो, कारण माझी शर्यत गिधाडांशी असे! गावाबाहेर टाकलेल्या गाईवर चाळीस-पन्नास गिधाडे उतरली की तासाभरात सांगाडा. एकदा तर शेतकऱ्याने कान आधीच कापून रुमालात बांधून आणला होता.

१९९९ मध्ये पुन्हा त्याच भागात बदली झाली. म्हैस मेलेली तिसरा दिवस, तरी तशीच पडलेली. आभाळ रिकामे. भोवती कुत्री, आणि वास असा की पंचनामा लांबूनच उरकला. शेतकरी म्हणाला, “साहेब, आता गिधाडं येत नाहीत.” बिल्ला मात्र जागेवर होता. मी क्लेम पाठवला आणि विसरलो.

कारण पुढे २००४ साली प्रसिद्ध झाले. डायक्लोफिनॅक! आपण गुडघ्याला घेतो तेच. दुखणाऱ्या जनावराला कुणीतरी दयेनेच टोचलेले. ते जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी. शंभरात एखादे जनावर तसे असले तरी पुरे, कारण एका जनावरावर थवाच्या थवा जेवतो. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात हजारात एक उरली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले, मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्यायही मिळाला. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. खात्यातून काढायला क्षण लागतो, भरायला वर्षे, हे बँकवाल्याला वेगळे सांगायला नको. तोवर त्या मांसावर कुत्री पोसली, वाढली, आणि त्यांच्यामागून रेबीजचा धोका. मुंबईत डूंगरवाडीवर पारशी बांधवांना सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकल्या. खजिनदार म्हणून चेकवर सही माझीच. या विषाने उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस गुंगत फिरतो, म्हणजे घुबडाला आयताच सापडतो. पुढच्याच महिन्यात टाकीवरच्या जोडीतले एक गव्हाणी घुबड बी विंगच्या जिन्यापाशी मेलेले मिळाले. ते विषानेच मेले हे मी सिद्ध करू शकत नाही. पण एका रात्रीत दोन-तीन उंदीर फुकट मारणारा वॉचमन गेला, आणि उंदीर काही गेले नाहीत. यंदा पार्किंगमधल्या तीन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या, त्यातली एक माझी!

नवीन कोटेशन कमिटीपुढे आहे. त्याला माझा लेखी विरोध मी दिलेला आहे. त्याच पैशात कचऱ्याच्या डब्यांना झाकणे, गटारांना जाळ्या आणि सहा पिंजरे होतात. हिशेब जोडलेला आहे. पिंजरे रोज सकाळी बघायची जबाबदारी मी घेतो, मला तसेही पाचला जाग येते.

राहिलेले घुबड अजून टाकीवर येते. परवा साडेआठच्या सुमारास नातवाने मला गच्चीवर ओढत नेऊन दाखवले.